लग्न मोडलं म्हणून मठ सुचतोय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईची चोवीस वर्षांची मुलगी, अंधेरीला अकाउंट्समध्ये नोकरी. मागच्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं. पुढे ती तीन दिवसांच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला गेली आणि तिथे आराधनेच्या वेळी ‘देव मला बोलावतोय’ असं तिला फार जोराने वाटलं. वडील नाहीत, धाकटा भाऊ बारावीला. आईचं म्हणणं, ‘लग्न मोडलं म्हणून तुला मठ सुचतोय.’ एका संस्थेच्या सिस्टर दर आठवड्याला फोन करून जूनमध्ये ये म्हणतायत. शिक्षणाचं कर्ज अजून दोन वर्षं चालणार आहे. तिने विचारलंय, हे पाचारण, ही देवाची हाक, खरी आहे हे ओळखायचं कसं?

मी बावीस वर्षं नॉव्हिस मिस्ट्रेस होते, म्हणजे मठात नव्याने आलेल्या मुलींना, नॉव्हिसना, व्रतांसाठी तयार करणारी सिस्टर. आता वयामुळे ते काम सुटलं, पण मुली अजून येऊन बसतात, त्यामुळे विचार करायची सवय सुटलेली नाही.

बाळा, आधी आईबद्दल. तिचं बोलणं तुला लागलं असणार, पण तिने बोट बरोबर जागी ठेवलंय. मोडलेलं लग्न, घरातलं मरण, परीक्षेतलं अपयश यांच्या पाठोपाठ मठाची ओढ लागलेल्या मुली माझ्याकडे पुष्कळ आल्या. बऱ्याच परत गेल्या. काही आज उत्तम सिस्टर आहेत. तेव्हा दुखण्यातून आलेली ओढ खोटीच असते असं मी म्हणणार नाही. जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नेशियसची सुरुवात तर अंथरुणातच झाली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि घरी महिनोन्‌महिने पडून राहायची पाळी आली. त्याने शूर सरदारांच्या गोष्टी वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र हातात पडलं. मग पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एका मोठ्या घरच्या बाईसाठी आपण काय काय पराक्रम करू, हे एक. संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केलं ते मी केलं तर, हे दुसरं. रमायचा दोन्हींत सारखाच. फरक पडायचा तो नंतर. पहिलं स्वप्न सरलं की मन कोरडं व्हायचं, दुसरं सरलं तरी मन प्रसन्न राहायचं. हे लक्षात यायलाही त्याला बराच काळ लागला. पुढे त्याने जे काही शिकवलं, त्याचं बी या ‘नंतर’मध्ये आहे.

म्हणून आराधनेत काय वाटलं हे मी तुला विचारणार नाही. मंद उजेड, गायन, तीन दिवस फोन बंद. अशा वेळी मलाही अजून रडू येतं आणि माझी व्रतं होऊन चाळीस वर्षं झाली. मला विचारायचंय ते हे, की विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये, कुणाचं तरी कोपर बरगडीत घुसलेलं असताना, बुधवारी सकाळी ती ओढ कुठे असते? महिनाअखेरीला ताळेबंद जुळत नाही आणि साहेब ओरडतो, तेव्हा ‘त्यापेक्षा मठ बरा’ असं वाटतं का? तसं वाटत असेल तर ते साहेबाबद्दल काहीतरी सांगतं, देवाबद्दल नाही. उलट, दिवस चांगला गेलाय, पगारवाढ झालीये, मैत्रिणींबरोबर हसून हसून पोट दुखलंय आणि घरी येताना ती ओढ शांतपणे शेजारच्या सीटवर बसलेली आहे, असं होत असेल तर तिच्याकडे लक्ष दे. आनंदाच्या दिवशी टिकते ती ओढ मी जास्त मानते.

एक गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईला सांगत आले, आणि ती ऐकून आया नेहमी बावचळत आल्या. ज्या मुलीचा संसार चांगला झाला असता, तिलाच मठ मानवतो. त्यांना वाटतं, सिस्टर उलटं बोलतायत. पण जिला पोराच्या तापासाठी रात्र जागता आली नसती, जिला सासूशी न भांडता आणि न दबता राहता आलं नसतं, तिला मठही जमत नाही. इथे नवरा नाही, पण सात-आठ बायका आहेत आणि त्यांतली एकही तू निवडलेली नाही. एक पहाटे साडेचारला मोठ्याने खोकते. एकीला पंखा लागतो, दुसरीला सोसत नाही. एक तुझ्या गावची निंदा करते. यांच्याबरोबर तुला रोज प्रार्थनेला बसायचंय, जेवायचंय आणि म्हातारं व्हायचंय.

ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं याच नजरेने बघ. ब्रह्मचर्य म्हणजे पुरुषांचा कंटाळा नव्हे. तुझ्या बाबतीत हे आधी तपासावं लागेल. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याचं लग्न उद्या तुझ्याच चर्चमध्ये लागलं, तर तू मिस्साला जाऊन बसू शकशील का? आजच जमायला हवं असं नाही, पण ‘कधीच नाही’ असं आतून येत असेल तर अजून तू लग्न सोडलेलं नाहीस, लग्नाने तुला सोडलंय. आणि एक करून बघ. तुझं स्वतःचं घर डोळ्यांसमोर आण. ओटीवर खेळणारी दोन पोरं, मागच्या केळीत पाणी सोडणारा नवरा, रविवारची घाई. ते चित्र गोड वाटलं पाहिजे. गोड वाटूनही दुसरीकडे पाऊल वळत असेल तर त्या वळण्याला काही किंमत आहे. चित्राची किळस येत असेल तर थांब. कुणा समजूतदार माणसाशी बोल, गरज वाटली तर समुपदेशकाशी. मठ हे त्या दुखण्यावरचं औषध नाही.

दारिद्र्याचं तुला अकाउंट्सवाली म्हणून लवकर कळेल. उद्या तू आमच्या शाळेत नोकरी केलीस तर पगार तुझ्या नावाने येईल आणि संस्थेला जाईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टरांच्या आणि फादरांच्या पगारातून प्राप्तिकर कापलाच जाईल असा निकाल दिला. संस्थांचं म्हणणं होतं की हा पैसा त्या व्यक्तीकडे राहतच नाही. वाद कराचा होता, पण आमचं जगणं त्यात नेमकं आलं. पाचशे रुपये हवे असतील तर मला सुपीरियरला, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरना, विचारावं लागतं. चाळिशीत, मुख्याध्यापिका असताना, चपलेच्या पैशासाठी विचारायला गेले तेव्हा मला जी लाज वाटली ती व्रताच्या दिवशी कुणी सांगितली नव्हती. ज्यांना पैसा सांभाळताच येत नाही त्यांना हे सोपं जाईल असं वाटतं ना? उलट होतं. त्यांच्या मनातून पैसा जातच नाही.

आणि आज्ञापालन. यात माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगते. माझ्याकडे एक नॉव्हिस होती. प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी, भांडणात कधी नाही, सांगितलेलं काम न कुरकुरता. तिच्या अहवालात मी भरभरून लिहिलं. पहिली व्रतं झाली, दुसऱ्या गावच्या मठात पाठवली आणि आठ महिन्यांत ती जेवेनाशी झाली. मग तिच्याशी बोलताना उलगडलं. बापाच्या रागाला भिऊन सगळ्याला हो म्हणायची सवय तिला लहानपणापासून होती. मठात आल्यावर बापाच्या जागी मी आले. तिने हो म्हटलं ते देवाला की मला, हे मी तपासलंच नव्हतं. मुदतीची व्रतं संपल्यावर ती घरी गेली. तेव्हापासून जी मुलगी दोन वर्षांत एकदाही माझ्याशी वाद घालत नाही तिच्याबद्दल मी सावध झाले. स्वतःचं मत असलेली बाईच आज्ञा पाळू शकते. मत नसलेली नुसती ढकलली जाते. तू आईला काय उत्तर दिलंस ते तू कळवलं नाहीस. भांडली असशील तर मला बरं वाटेल.

आता जूनचं. जूनमध्ये जाऊ नकोस.

पहिलं कारण कर्ज. चर्चच्या कायद्यातच आहे की ज्यांच्यावर फेडता न येणारं कर्ज आहे त्यांना संस्थेने घेऊ नये. तुझं कर्ज फेडता येण्यासारखं आहे, तर फेड आणि मग ये. तू मठात गेल्यावर हप्ते आईच्या गळ्यात पडणार असतील तर तुझ्या दारिद्र्यव्रताची किंमत ती मोजेल. दुसरं कारण भाऊ. तो कमावता होईपर्यंत, किंवा आईची नीट सोय लागेपर्यंत, मी तुला घेतलं नसतं. वडील असते तर एवढं ताणलं नसतं. पुढे आई आजारी पडली तर तुला किती दिवस घरी राहू देतात, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. ते आधी विचार. विचारताना संकोच वाटेल, तरी विचार.

तिसरं कारण ते दर आठवड्याचे फोन. हे लिहिताना मला अवघडायला होतंय, कारण त्या सिस्टर वाईट बाई नसणार. आमच्या लहानपणी वसईत घरटी सात-आठ मुलं असायची, एक फादर, एक सिस्टर सहज निघायची. आता घरात एक नाहीतर दोन. संस्थांना मुली मिळेनाशा झाल्यात, शाळा आणि दवाखाने मात्र तेवढेच आहेत, आणि मग जिच्यावर मुली आणायची जबाबदारी आहे तिच्यावर वर्षाअखेरी आकडा दाखवायचा दबाव येतो. दहावी झाल्या झाल्या लांबच्या खेड्यांतून पोरी आणून ठेवायची पद्धत मला कधीच पटली नाही, त्यावरून माझं आमच्याच माणसांशी वाजलंही आहे. तुला एवढंच सांगते की चर्चचा कायदा तुझ्या बाजूने आहे. जीवनमार्ग निवडताना कुणाचीही जबरदस्ती नसावी हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क म्हणून लिहून ठेवलाय. दबावाखाली, भीतीपोटी किंवा फसवणुकीने झालेला नॉव्हिशिएटचा, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळातला, प्रवेश मुळात ग्राह्यच धरला जात नाही. त्या सिस्टरना सांग, ‘मला दोन वर्षं लागतील, मीच फोन करीन.’ त्या काय उत्तर देतात त्यावरून संस्थेबद्दल बरंच कळेल.

घाई करायला खरं तर तो कायदाच जागा ठेवत नाही. आधी ओळखीचा काळ, मग उमेदवारी आणि पोस्च्युलंट, म्हणजे नॉव्हिशिएटआधीची प्रवेशार्थी, म्हणून काही महिने किंवा वर्षं, हे संस्थेसंस्थेप्रमाणे बदलतं. नॉव्हिशिएटला वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत. तो किमान बारा महिन्यांचा, आणि एरवी दोन वर्षांपलीकडे नेता येत नाही. त्या काळात तू कधीही, कारण न देता, बॅग उचलून जाऊ शकतेस. मग पहिली व्रतं, तीही मुदतीची. ही मुदतीची व्रतं कमीत कमी तीन वर्षं, साधारण सहापर्यंत. फारच गरज वाटली तर एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवतात. मग अखेरची, आणि त्यांना वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात. तुझा ओढा बंद मठाकडे, म्हणजे कार्मेलसारख्या चिंतनी जीवनाकडे असेल, तर रोमने २०१८ मध्ये घातलेल्या नियमांप्रमाणे ही सगळी तयारी नऊ वर्षांच्या आत होत नाही. लोकांना वाटतं, मुलगी एकदा आत गेली की दार बंद. अगं, दार कितीतरी वर्षं उघडंच असतं. एवढी वर्षं कशासाठी? आम्ही तुला पारखावं म्हणून, आणि तू आम्हाला पारखावंस म्हणून. ती दुसरी बाजू मुली विसरतात. प्रवेशाच्या मुलाखतीला नोकरीच्या मुलाखतीसारख्या घाबरून बसतात.

एक कागदाची गोष्ट. पहिल्या व्रतांआधी तुझ्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवावी लागते, आणि अखेरच्या व्रतांआधी देशाच्या कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र करावं लागतं. वसईत जमिनीचा भाव काय झालाय ते मी सांगायला नको. वडिलांच्या जागेत तुझा वाटा असेल तर भावाशी आणि आईशी आत्ताच मोकळं बोल. व्रतांच्या आदल्या महिन्यात हा विषय निघाला की घरं फुटतात.

तुझ्या मनात दुसरी भीतीही असणार, ती तू विचारलेली नाहीस. मी तयार झाले आणि त्यांनीच नको म्हटलं तर? होतं तसं. तब्येत, स्वभाव, कधी नुसतं जुळत नाही म्हणून. मानसोपचारतज्ज्ञाकडून चाचणी करून घ्यायला सांगतील, ती तुझ्या संमतीशिवाय होता कामा नये, पण संमती दे. आणि नकार आला तर आपल्या वसईतल्या गास गावच्या चर्चमध्ये जाऊन ये, ज्याच्या नावाचं ते आहे त्याची गोष्ट आपण वसईकर नीट सांगतच नाही. गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. जेझुइटांकडे शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे वर्षानुवर्षं धर्मशिक्षण देत राहिला, जपानी भाषा त्याने अशी उचलली की लोक चकित व्हायचे. मनात एकच, की आपल्याला संघात घ्यावं. त्यांनी घेतलं नाही. तो बाहेर पडला, व्यापार केला, त्यात पैसाही कमावला. मग मनिलात फ्रान्सिस्कनांकडे, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाकडे, गेला आणि तिथे साधा ब्रदर म्हणून व्रतं घेतली. १५९३ साली त्यांचा दुभाषी म्हणून पुन्हा जपानला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर. १८६२ मध्ये तो संत झाला. आपण दर वर्षी शेवटचं नागासाकी तेवढं सांगतो. मला मात्र तो मधला व्यापारी गोन्सालो जास्त जवळचा वाटतो, दुकानात बसून हिशेब लिहिणारा, ज्याला नकार मिळालाय आणि ओढ अजून गेलेली नाही. त्या वर्षांत तो चुकीच्या ठिकाणी होता असं मला वाटत नाही. त्यामुळे अंधेरीच्या ऑफिसातली दोन वर्षं तू वाया धरू नकोस.

मदर तेरेसांनाही थांबावं लागलं होतं. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना वस्तीतल्या गरिबांमध्ये जायची हाक आली, आणि तेव्हा त्या आधीच व्रतस्थ होत्या. तरी मठाबाहेर पाऊल पडायला १९४८ उजाडलं. मधली दोन वर्षं त्यांच्या बिशपांनी आणि रोमने तपासण्यात घालवली.

एकटीने ठरवू नकोस, पण भलत्याबरोबरही ठरवू नकोस. तुला एक आध्यात्मिक मार्गदर्शक हवा, आणि तो त्या फोन करणाऱ्या सिस्टरहून वेगळा हवा, कारण माल विकणाऱ्यानेच माल पारखायचा नसतो. एखादी वयस्क सिस्टर, एखादे फादर, महिन्यातून एकदा तासभर. तुझ्या धर्मग्रामाचे फादर चालतील, फक्त लक्षात ठेव की ते बहुधा धर्मप्रांताचे असतील आणि त्यांचं जीवन आमच्यासारखं नसतं. ते ब्रह्मचर्य पाळतात, बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत आणि मठातल्यासारखे समुदायात राहत नाहीत. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो असेच वसई धर्मप्रांताचे होते. बाहेरच्यांना हा फरक माहीत नसतो, आणि आपल्यातल्याही पुष्कळांना नसतो.

मार्गदर्शक संतच असावा असं काही नाही. शमुवेलाची गोष्ट आठव. पोर धावत एलीकडे आलं, ‘तुम्ही हाक मारलीत.’ एलीने दोनदा त्याला ‘मी नाही मारली, जाऊन नीज’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा कुठे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. त्याची नजर अधू झालेली, पोटची पोरं हाताबाहेर गेलेली, तरी हाकेला काय उत्तर द्यायचं ते पोराला त्यानेच शिकवलं. मला यातलं ‘जाऊन नीज’ फार आवडतं. निम्म्या मुलींना पहिल्या भेटीत मी मनातल्या मनात तेच म्हणायचे. खरी हाक असेल तर पुन्हा येते.

आणि या वाटेवर कुणी ‘हे आईला सांगू नकोस’ म्हणालं, तर तिथेच थांब. इग्नेशियस म्हणतो, वाईट प्रेरणा खोट्या प्रियकरासारखी वागते, सगळं आपल्या दोघांतच राहावं असं तिला वाटतं. पुढे मठात गेलीस तरी हे धरून राहा. तुझ्या अंतःकरणातलं सगळं उघड कर असं सुपीरियर तुला भाग पाडू शकत नाही. पापनिवेदनाला कुणाकडे जायचं याचं स्वातंत्र्य तुझं आहे. जिथे एकच बाई तुझी वरिष्ठ, तुझी मार्गदर्शक आणि तुझी एकुलती मैत्रीण होऊ पाहते तिथे मला धोका दिसतो, आणि तो मी स्वतः होऊन पाहिलाय, वर सांगितलं तसा.

घरी करण्यासारखं काही हवं असेल तर एक वही कर. रोज लांबलचक लिहू नकोस, आठवड्यातून दोनदा चार ओळी पुरे: मठाचा विचार कधी आला, त्याआधी काय घडलं होतं, आणि विचार गेल्यावर मन कसं राहिलं. सहा महिन्यांनी ती वही मार्गदर्शकासमोर ठेव. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नकोस, हा इग्नेशियसचा नियम तुला दोन्हीकडून लागू आहे. खचलेली असताना मठात यायचं ठरवू नकोस, आणि खचलीस म्हणून मठाचा विचार टाकूही नकोस. त्याने सांगितलेली आणखी एक युक्ती मी मुलींना नेहमी करायला लावायचे. तुझ्याच वयाची, तुझ्याच परिस्थितीतली, पण पूर्ण अनोळखी मुलगी तुझ्यापुढे येऊन बसली आहे असं समज आणि तिचं भलं व्हावं म्हणून तू काय सांगशील ते लिहून काढ. गंमत म्हणजे दुसरीला सल्ला देताना मुली फार शहाण्या होतात.

संस्था कुठली, हा प्रश्न मागाहून. तरी एक सांगते, काम बघून संस्था निवडू नकोस. शाळा, दवाखाना, वस्तीतलं काम, यांतलं काहीही तुला न लग्न करता, न व्रतं घेता करता येईल. जगात राहून समर्पित जीवन जगायचे मार्गही चर्चमध्ये आहेत. मठ निवडायचा तो तिथल्या साध्या दिवसावरून. म्हणून ‘या आणि पाहा’च्या शिबिरावर समाधान मानू नकोस, त्यात पाहुण्यांसाठी मांडलेलं घर दिसतं. सुट्टी काढून आठ-दहा दिवस एखाद्या लहान मठात राहा. म्हाताऱ्या सिस्टरांच्या खोलीत कोण जातं ते बघ. दोघींचं बिनसलं की जेवणाच्या टेबलावर काय होतं ते बघ. आणि संधी मिळाली की संस्था सोडून गेलेल्या एखाद्या सिस्टरबद्दल विचार. तिचं नाव घेताना चेहरे कसे होतात, तेवढं मला पुरतं. जिथे तिच्या पोरांची चौकशी होते तिथे राहायला हरकत नाही.

कारण कदाचित तूही परतशील. सोडून जाणाऱ्या बाईला केलेल्या कामाचा मोबदला मागायचा हक्क नसतो, पण संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं असं कायदाच सांगतो. वसईत काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, ‘मठातून परत आली.’ म्हणू देत. माझ्याकडच्या दीड वर्षाच्या नॉव्हिशिएटनंतर घरी गेलेली एक जण आज तीन पोरांची आई आहे, दर ईस्टरला बागेतली फुलं घेऊन येते आणि म्हणते, ‘सिस्टर, नवऱ्याला सहन करायला मी तुमच्याकडे शिकले.’

त्या आठ-दहा दिवसांत एखाद्या रविवारी आईला बोलावून घे. वाद घालायला नाही, नुसतं जेवायला. माझी आई मला भेटायला पहिल्यांदा आली तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बसलीच नाही. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, तडक स्वयंपाकघरात गेली, आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, चव घेतली आणि आमच्या सुपीरियरकडे वळून म्हणाली, ‘मीठ कमी आहे. पण आमटी पातळ नाही, म्हणजे पोरी उपाशी राहत नाहीत.’ त्यानंतर ती मला घरी चल म्हणाली नाही.